यात्रेची मोटार आणि सारथ्याची झोंप

मुलीचें लग्न ठरवावयाचें झालें म्हणजे आपल्या कुटुंबांतून केवढी चौकशी होते, हें वाचकांस सांगावयास नको. स्थळाचें मूळ गांव, मुलाचें शिक्षण, घरांतील माणसांचे स्वभाव हें सर्व दहा ठिकाणीं विचारून घेतलें जातें. कार्यालय ठरवितांना वडील मंडळी स्वतः जाऊन पाण्याची सोय पाहतात, आचाऱ्याच्या हातचें एकदां जेवून येतात, आणि मगच विसार देतात. परंतु त्याच लग्नाच्या वऱ्हाडासाठीं, किंवा कुलदेवतेच्या दर्शनासाठीं, घरांतील म्हातारीं माणसें व तान्हीं मुलें धरून तीस-चाळीस जीव ज्या मोटारींत बसावयाचे, ती मोटार मात्र टेलिफोनवरील दोन मिनिटांच्या बोलण्यांत ठरते. प्रश्न दोनच विचारले जातात. भाडें किती, आणि गाडी वातानुकूलित आहे ना? या दोन प्रश्नांपलीकडेहि गृहस्थाला कांहीं विचारतां येतें, किंबहुना तें विचारणें हें त्याचें कर्तव्यच आहे, इतकें सांगण्याचा या लेखांत आमचा हेतु आहे.

आम्ही नगरचे. सन २०२४ पासून आमच्या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें झालें आहे. जुन्या सवयीनें तोंडीं अजून नगरच येतें. यात्रेच्या मोटारींचा राबता आमच्या जिल्ह्यांत बारा महिने असतो. उत्तरेस शिर्डी, नेवासें तालुक्यांत शनिशिंगणापूर व खुद्द ज्ञानेश्वरमहाराजांचें नेवासें, दक्षिणेस अष्टविनायकांपैकीं सिद्धटेक, पाथर्डीकडे मोहटादेवी, आणि अकोलें तालुक्याच्या डोंगरांत भंडारदरा. शनिवारीं सकाळीं नगर-मनमाड रस्त्यावर घटकाभर उभें राहिलें, तर परप्रांतांतून आलेल्या मोटारी एकामागून एक जातांना दिसतात. पुढच्या कांचेवर फुलांच्या माळा, आंत भजनाचा किंवा सिनेमाच्या गाण्यांचा गजर, आणि चक्रावर बसलेल्या माणसाचे डोळे लाल. त्यांतील पुष्कळशा मोटारी रात्रभर चाललेल्या असतात.

महाराष्ट्रांतील एस. टी.चा जन्महि आमच्याच गांवचा. १ जून १९४८ रोजीं पहिली बेडफर्ड गाडी नगरच्या माळीवाड्याहून पुण्यास गेली. किसन राऊत हे तिचे चालक व लक्ष्मण केवटे हे वाहक होते. ही गोष्ट येथें सांगण्याचें कारण असें कीं, एस. टी.च्या गाडीला आगार असतें. गाडी बाहेर पडण्यापूर्वीं ती पाहणारा कारागीर, चालकाच्या कामाचे तास मांडणारा कारकून, आणि कांहीं उणें आढळल्यास जाब विचारणारा अधिकारी अशीं माणसें तेथें असतात. म्हणून एस. टी.ला अपघात होत नाहींत असें नव्हे. २ जानेवारी २०१४ रोजीं ठाण्याहून नगरकडे येणारी एस. टी. माळशेज घाटांत कोसळली व सत्तावीस माणसें गेलीं, हें आमच्या जिल्ह्यांतील लोक विसरलेले नाहींत. परंतु तेथें विचारणारें निदान कोणीतरी असतें.

भाड्याच्या मोटारीचें आगार कोठें आहे? मोठ्या व चांगल्या मालकांकडे तें असतें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु एक-दोन गाड्यांवर प्रपंच चालविणाऱ्या मालकाची गाडी एका यात्रेहून सकाळीं परत येते, दुपारीं धुतली जाते, आणि संध्याकाळीं दुसऱ्या यात्रेस निघते. कर्जाचा हप्ता थांबत नाहीं, म्हणून चाकेंहि थांबत नाहींत. शिवाय अशा गाडीचें वेळापत्रक मालक ठरवीतच नाहीं. कोठें जावयाचें, किती वाजतां निघावयाचें, रात्रीं चालावयाचें कीं मुक्काम करावयाचा, हें सर्व गाडी भाड्यानें घेणारा गृहस्थ ठरवितो. म्हणजे आगाराचें अर्धें काम नकळत त्याच्याकडे आलेलें असतें. मात्र आपण तें करीत आहों, हें त्याच्या गांवींहि नसतें.

आतां गेल्या कांहीं वर्षांतील घटना पाहूं. १३ जानेवारी २०२३ रोजीं सकाळीं मुंबईकडील साईभक्तांना शिर्डीस घेऊन येणारी खासगी आराम-गाडी आमच्या जिल्ह्याच्या सीमेलगत, सिन्नर तालुक्यांतील पाथरे गांवाजवळ मालमोटारीवर आदळली. दहा माणसें गेलीं. त्याच वर्षीं १ जुलै रोजीं मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्यास येणारी गाडी समृद्धि महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली व पेटली. पंचवीस माणसें गेलीं. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीं सैलानीबाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणारी लहान गाडी वैजापूरजवळ त्याच महामार्गावर मालमोटारीवर आदळली. सतरा आसनांच्या त्या गाडींत पस्तीस माणसें होतीं. त्यांपैकीं बारा दगावलीं. या तिन्ही अपघातांत दोष कोणाचा, हें ठरविण्याचें काम न्यायालयाचें आहे. आम्ही केवळ घड्याळाकडे पाहतों. मध्यरात्र ते सकाळ या घटकांतच हीं तिन्हीं संकटें कोसळलीं, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें. परंतु लहान शाळेंत शिक्षकाला प्रसंगीं गणिताचाहि तास घ्यावा लागतो. त्या सवयीनें येथें एक साधें गणित मांडतों. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें २२ मीटर अंतर तोडते. चालकाची पापणी तीन सेकंद मिटली, तर मोटार ६६ मीटर निराधार धांवते. मग पुढें वळण असो, उभी मालमोटार असो, कीं पायीं चालणारी दिंडी असो. दुसरें असें कीं, वेग वाढला म्हणजे धडकेचा जोर त्याच प्रमाणांत वाढत नाहीं, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ६० चे ८० केले, तर वेग एकतृतीयांशानें वाढला. पण धडक सुमारें पावणेदोन पट झाली. शंभर किलोमीटरांच्या वाटेंत वांचली किती, तर पंचवीस मिनिटें. देवळाच्या रांगेंत आपण याहून अधिक वेळ सहज उभे राहतों.

त्यांतहि आमच्या बाजूच्या रस्त्यांची म्हणून एक वेगळी अडचण आहे. दिवाळीनंतर साखर-कारखान्यांचा गळिताचा हंगाम सुरू झाला, कीं कोपरगांव, राहातें, श्रीरामपूर, राहुरी, नेवासें या पट्ट्यांत रात्रंदिवस उंसाच्या गाड्या चालतात. एका ट्रॅक्टरमागें दोन-दोन ट्रॉल्या, उंसाचीं टोकें दोहों बाजूंस बाहेर आलेलीं, आणि मागें दिवा तर नाहींच, पण चमकणारी लाल पट्टीहि पुष्कळदां चिखलानें माखलेली. पौष-माघांत पहांटे कालव्यांच्या कांठीं धुकें उतरतें. परप्रांतांतून रात्रभर गाडी हांकीत आलेल्या, रस्ता अनोळखी असलेल्या माणसाला ही ट्रॉली जेव्हां दिसते, तेव्हां ती दहा हातांवर आलेली असते. जागा माणूसहि तेथें गांगरतो. मग डुलकी घेणाऱ्याची काय कथा?

झोंपेविषयीं पुस्तकांत जें वाचलें, त्यापेक्षां आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस अधिक शिकविलें. हा मुलगा पारनेर तालुक्यांतला. बुद्धि चांगली, पण घरच्या गरिबीमुळें दहावीनंतर शिक्षण सुटलें. गेलीं अनेक वर्षें तो यात्रेच्या मोटारी चालवितो. दोन वर्षांपूर्वीं पाडव्याला नमस्कारास आला असतां आम्हीं सहज विचारलें, "अरे, रात्रीं झोंप आली म्हणजे काय करतोस?" तो म्हणाला, "गुरुजी, झोंप आली हें कळत नाहीं. जाग आली म्हणजे कळतें कीं, झोंप लागली होती." तो पुढें म्हणाला, "लोक फार चांगले असतात. दर दोन तासांनीं चहा देतात, तंबाखू देतात, शेजारीं बसून गप्पा मारतात. पण देवस्थानीं पोंचलों कीं मंडळी भक्तनिवासांत खोल्या घेऊन पडतात, आणि मला सांगतात, तूं गाडींतच झोंप, सामानाकडेहि लक्ष राहील. वैशाखांत दुपारीं बाराला पत्र्याखालीं कोणाला झोंप येते, गुरुजी? वाहनतळावर दर मिनिटाला कोणीतरी भोंगा वाजवितो. डोळे मिटून पडतों, एवढेंच. संध्याकाळीं मंडळी ताजींतवानीं होऊन येतात आणि म्हणतात, चला, आतां रात्रभर हाणूं." त्याच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच तें आमच्या मनाला अधिक लागलें. चहा सर्व देतात. खाट कोणी देत नाहीं.

महाभारताच्या द्रोणपर्वांतील एक प्रसंग आम्ही वर्गांत अनेकदां सांगितला आहे. सूर्यास्तापूर्वीं जयद्रथाला मारावयाचें, नाहीं तर अग्निप्रवेश करावयाचा, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. दिवस कलत चाललेला, चहूंकडे शत्रु, आणि एक-एक घटका मोलाची. अशा वेळीं घोडे थकले आहेत असें अर्जुन श्रीकृष्णास सांगतो. श्रीकृष्ण भर रणांगणांत रथ सोडतो, घोड्यांच्या अंगांतले बाण काढतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, लोळूं देतो, आणि ते ताजे झाल्यावरच पुन्हां रथाला जोडतो. सारथ्याचें खरें शहाणपण हें. आमच्या काळांत घोडा लोखंडाचा झाला. तो थकत नाहीं, म्हणून विश्रांतीचा विचारच आपल्या मनांतून गेला. परंतु चक्रावर बसलेला सारथि अजून हाडामांसाचाच आहे. जयद्रथवधाच्या दिवशींहि जी विश्रांति घोड्यांना मिळाली, ती आपल्या यात्रेंत माणसाला मिळूं नये, ही कोठली रीत?

कायद्याला हें कळलें नाहीं असें नाहीं. सन १९६१ मध्यें केंद्र सरकारनें मोटार-वाहतुकींतील कामगारांसाठीं जो कायदा केला, त्यांत दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली होती, आणि सलग पांच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांति सांगितली होती. दिवसाच्या आठ तासांचें तत्त्व नव्या कामगारसंहितेंतहि कायम आहे. प्रवासी मोटारींना ताशीं ८० किलोमीटरांपलीकडे जाऊं न देणारें वेगनियंत्रक यंत्र असावें, आग लागल्यास सूचना मिळावी, संकटकाळीं बाहेर पडण्याचीं दारें मोकळीं असावींत, असेहि नियम आहेत. कागदावर उणें फार थोडें आहे. परंतु आठ तास मोजावयाचे कोणीं? महामार्गावरील तपासनीस परवाना पाहूं शकतो, कर भरला कीं नाहीं तें पाहूं शकतो. हा माणूस काल किती तास झोंपला, हें त्याला कोणत्याहि कागदावर दिसत नाहीं. तें ठाऊक असतें मालकाला, आणि आपणांस. ज्यानें रात्रीच्या प्रवासाचें वेळापत्रक आंखलें, त्यानेंच त्या झोंपेचा हिशेबहि ठेविला पाहिजे.

हा विचार आमच्या घरांत गेल्या हिंवाळ्यांत प्रत्यक्ष कसोटीस लागला. आमची कुलदेवता माहूरची रेणुका. मातोश्रींचें वय शहाऐंशी. आपल्या हयातींत एकदां सर्व लेंकरांसुनांसह, पणतवंडांसह गडावर जावें, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. पुण्यामुंबईची मंडळी जमवून आम्ही एकूण चौतीस माणसें होत होतों. सर्वांच्या रजा एकदम मिळणें हेंच एक कपिलाषष्ठीचें काम. तीनच दिवस हातीं आले. पुतण्यानें मोठ्या उत्साहानें कार्यक्रम आंखला. शुक्रवारीं रात्रीं नगरहून निघावयाचें, सकाळीं माहूर, त्याच रात्रीं निघून पहांटे औंढ्या नागनाथ, तेथून तुळजापूर, आणि रविवारीं रात्रभर चालून सोमवारीं सकाळीं नोकरीवर हजर. "काका, रात्रीं प्रवास, दिवसा दर्शन. खोल्यांचें भाडें वांचतें, आणि वेळहि वांचतो," तो म्हणाला. कागदावर सर्व सुबक होतें. आम्ही एवढेंच विचारलें, "यांत चालक केव्हां झोंपतो?" कागदावर त्याचें उत्तर नव्हतें.

वाद बराच झाला. पुतण्या म्हणे, सर्व जग रात्रीं प्रवास करतें. आम्ही म्हटलें, आमच्या शाळेची सहल निघे, तेव्हां सूर्यास्तानंतर गाडी रस्त्यावर दिसतां कामा नये, असा मुख्याध्यापकांचा दंडक असे. परक्यांच्या लेंकरांसाठीं जो नियम तीस वर्षें पाळला, तो स्वतःच्या नातवंडांसाठीं कां मोडावा? तरुण मंडळींना हें बोलणें मास्तरी वाटलें असावें. शेवटीं वहिनींनीं तोड काढली. त्या म्हणाल्या, "घरांत आजाऱ्याच्या उशाशीं रात्रभर जागलेल्या बाईला दुसऱ्या दिवशीं आपण कढईपाशीं बसवितों का? तेल अंगावर उडेल म्हणून तिला आधीं निजायला पाठवितों. मग चौतीस माणसांची कढई एका जागरणाच्या माणसाच्या हातीं कशी द्यावयाची?" यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

पण प्रश्न सुटला नव्हता. रजा तीनच दिवसांची, आणि नगरपासून माहूर चारशें किलोमीटरांहून दूर. दिवसाउजेडींच प्रवास करावयाचा, तर औंढ्या व तुळजापूर सोडावें लागणार. इतक्या वर्षांनीं मातोश्रींना घेऊन निघावयाचें आणि तुळजापूर टाळावयाचें, हें सांगण्यास कोणाची जीभ रेटेना. त्यांना सांगितलें, तेव्हां त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "धांवतपळत दोघींचीं दारें पाहण्यापेक्षां एकीच्या पुढ्यांत घटकाभर बसूं द्या मला. भवानीला इथूनच हात जोडीन." त्या असें म्हणाल्या खऱ्या, पण पुन्हां तुळजापूरचा योग त्यांच्या नशिबीं आहे कीं नाहीं, हें कोण सांगूं शकतो? सुरक्षिततेचें मोल केवळ पैशांत द्यावें लागतें असें नाहीं. तें असेंहि द्यावें लागतें, आणि तें देतांना मनाला लागतें, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं.

मग मोटार पाहण्यास आम्ही व पुतण्या दोघे गेलों. पहिली गाडी बाहेरून राजवाड्यासारखी होती. आंत जाऊन पाहतों, तों मागचें संकटकालीन दार एका जादा आसनानें बंद झालेलें, आणि कांच फोडावयाच्या हातोड्यांच्या जागीं नुसत्या खुंट्या. मालक म्हणाला, "हातोड्या लोक चोरून नेतात." असेल, पण आम्हीं नमस्कार करून निरोप घेतला. दुसरी गाडी दिसण्यांत साधी, भाडें थोडें अधिक. परंतु दारें मोकळीं होतीं आणि मालकानें दोन चालक देण्याचें कबूल केलें. तीच ठरविली. अडीच दिवसांचा प्रवास, वाटेंत दोन मुक्काम, आणि दोन्ही ठिकाणीं चालकांसाठीं वेगळी खोली. त्या खोल्यांचा खर्च चौतीस माणसांत वांटला, तेव्हां माणशीं जी रक्कम आली, तिच्यांत आजकाल एक मिसळहि धड येत नाहीं. नातवांनीं आजीला खुर्चींत बसवून गडाच्या पायऱ्या चढविल्या, आणि मातोश्री रेणुकेच्या पुढ्यांत खरोखरच घटकाभर बसल्या.

या अनुभवावरून व जाणत्यांकडून ऐकून जें आम्हांस कळलें, तें वाचकांच्या उपयोगासाठीं येथें देतों. गाडी ठरविण्यापूर्वीं तिचा क्रमांक मागून घ्यावा. सरकारच्या एम-परिवहन या मोबाईलवरील सोयींत तो क्रमांक घातला, कीं गाडीचें योग्यता-प्रमाणपत्र व विमा यांची मुदत घरबसल्या कळते. घरांतील कोणत्याहि कॉलेजकुमाराला हें काम सांगावें. तो तें आनंदानें करील. मग गाडी दिवसा उजेडांत पाहावी. टायरच्या अंगावर एका लांबट चौकटींत चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. नक्षी झिजलेली नसली, तरी जुन्या टायरचें रबर कडक होतें व त्याला चिरा जातात. गाडींत बसण्याच्या जागा मोजाव्या, आणि जागा तितकींच माणसें न्यावीं. लेंकुरवाळ्या बायका मांडीवर मुलें घेतील हा हिशेब चुलीपाशीं ठीक. रस्त्यावर तो चालत नाहीं. जेथें आसनाला पट्टा असेल, तेथें तो बांधावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बाहेर पडण्याच्या वाटेची. आपल्याकडे मोटारीचें दार डाव्या अंगास असतें. गाडी डाव्या अंगावर पडली, कीं तें दार जमिनीखालीं जातें. सिंदखेडराजाच्या अपघातांत हेंच झालें. जे थोडे वांचले, त्यांपैकीं कांहीं कांच फोडून बाहेर पडले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं राजस्थानांत जैसलमेरजवळ भर दिवसा वातानुकूलित मोटार पेटली आणि वीसहून अधिक माणसें गेलीं. वातानुकूलित गाडींत खिडक्या उघडत नाहींत. तेथें कांच फोडण्याची हातोडी हाच प्राण. म्हणून निघतांना गणपतीचा जयजयकार झाल्यावर दोन मिनिटें घरांतील एखाद्या तरुणानें उभें राहून सर्वांना दाखवावें, कीं मागचें दार येथें, छताचें दार येथें, हातोडी येथें, आणि आजीला बाहेर काढण्याचें काम अमक्याचें. विमानांत हें परकी बाई सांगते, तें आपण ऐकतों. आपल्या गाडींत आपल्याच माणसानें सांगितलें, तर त्यांत अशुभ कसलें?

येथें गृहिणींना एक विनंति. घरचें अन्न, सोंवळें, म्हाताऱ्यांचीं पथ्यें यांसाठीं पुष्कळ कुटुंबें यात्रेंत गॅसची टाकी व शेगडी बरोबर घेतात, आणि ती टाकी मोटारीच्या पोटांत सामानाबरोबर ठेवितात. २६ ऑगस्ट २०२३ रोजीं मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वेच्या डब्यांत अशाच टाकीमुळें आग लागली आणि निदान नऊ यात्रेकरू गेले. दशम्या, मेतकूट, भाजाणीचें थालीपीठ, गुळपापडी या आपल्या आज्यांनीं प्रवासासाठींच शोधून ठेविलेल्या वस्तु आहेत. त्यांना विस्तव लागत नाहीं, आणि पथ्यहि सांभाळतें.

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला खर्चाचा. दोन चालक, एक मुक्काम, मोकळीं दारें असलेली गाडी यांनीं खर्च वाढतो, हें खरें. परंतु भाड्यासाठीं घासाघीस करून आपण जे चार-पांच हजार रुपये कमी करतों, ते मालक कोठून काढतो, याचा विचार करावा. तो डिझेलचा भाव कमी करूं शकत नाहीं, कर्जाचा हप्ता कमी करूं शकत नाहीं. दुसरा चालक आणि नवे टायर, एवढ्या दोनच गोष्टी त्याच्या हातीं राहतात. म्हणजे घासाघीस आपण कोणाच्या जिवावर करतों, हें उघड आहे. ज्यांना खर्च खरोखरच झेपत नाहीं, त्यांनीं एक देवस्थान कमी करावें. पण झोंप कमी करूं नये.

दुसरा आक्षेप दैवाचा. "व्हावयाचें तें कोणाला चुकतें?" असें म्हणणारे वडीलधारे प्रत्येक घरांत असतात. त्यांच्या श्रद्धेला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु आपल्या शास्त्रकारांनीं दैवाच्या जोडीला पुरुषकार सांगितला आहे, आणि एका चाकावर रथ चालत नाहीं असें त्यांचें म्हणणें आहे. रस्त्यावरची उंसाची ट्रॉली हें दैव म्हणा हवें तर. ती दिसण्यासाठीं सारथ्याचे डोळे उघडे असणें, हा पुरुषकार. आणि तो आपल्या हातचा आहे.

सरकारनें कांहीं करूं नये, असा याचा अर्थ नव्हे. उंसाच्या ट्रॉल्यांना मागें दिवे व चमकणाऱ्या पट्ट्या लागल्याच पाहिजेत, आणि हें पाहणें कारखान्यांनाहि कठीण नाहीं. ट्रॉली कांट्यावर येते, तेथेंच ती पाहतां येईल. प्रत्येक देवस्थानानें भक्तनिवासाप्रमाणें चालकनिवासहि बांधावा. पंखे, स्वच्छ गाद्या आणि शांतता एवढें तेथें असलें, तरी पुरे. अन्नदानाला आपल्याकडे देणगीदार कधीं कमी पडले नाहींत. निद्रादानालाहि पडूं नयेत. ज्यांना आईवडिलांच्या स्मरणार्थ कांहीं करावयाचें असेल, त्यांनीं याचा अवश्य विचार करावा.

परंतु हें सर्व होईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. लवकरच लग्नसराई सुरू होईल, सुट्ट्या लागतील, आणि घरोघरीं यात्रांचे कागद आंखले जातील. त्या कागदावर तारीख, गांव, दर्शन, जेवण असे रकाने असतातच. त्यांत आणखी एक रकाना घालावा, आणि त्याच्या डोक्यावर लिहावें, 'चालकाची झोंप'. तो रकाना रिकामा राहिला, तर यात्रेचा दिवस पुढें ढकलावा. अशा जपून केलेल्या यात्रेनंतर सांगण्यासारखें कांहीं घडत नाहीं. माणसें घरीं येतात, प्रसाद वांटतात, आणि दुसऱ्या दिवशीं आपापल्या कामास लागतात. आमच्या वाचकांच्या प्रत्येक यात्रेबद्दल सांगण्यासारखें एवढेंच असावें, अशी आमची प्रार्थना आहे.